विषय आम्ही देऊ, तुम्ही लिहा

सोयाबीन निघालं, कुटार म्हणजे मळणीचा भुसा उचलला, वावर मोकळं झालं, की माझी माय सरवा वेचायला जायची. सरवा म्हणजे कापणीत गळून मातीत पडलेल्या शेंगा. त्या ज्याच्या हाती लागतील त्याच्या, अशी आमच्याकडची रीत. ऐकायला मोठी दिलदार वाटते. प्रत्यक्षात आधी मालकीणबाईच्या दारात जाऊन उभं राहायचं, "जाऊ का वो वावरात" म्हणून विचारायचं. मग तिनं मायकडून अंगण झाडून घ्यायचं, एखाद्या वेळी धुणंही, आणि ते सगळं झाल्यावर म्हणायचं, "जाय, पन बांधाकडच्या तुरीले हात लावू नको." तुरीला हात लावणारी माझी माय नव्हती. तरी दरवर्षी तिला ते ऐकावं लागे, आणि तिच्या बाजूला उभी राहून मलाही.

दिवसभर वाकून भरलेला ओचा घरी आणून ती अंगणात काठीनं बडवायची. त्यातून जे निघायचं त्यावर आमचं तेलमीठ चालायचं. आम्हाला जमीन नव्हती. त्यामुळे आमच्यावर कुणी हळहळलं नाही, पंचनामा झाला नाही, पुढारी आला नाही. पिकाचं नुकसान व्हायला आधी पीक लागतं.

बाबा मशीनवर जायचे. मळणीयंत्राला आमच्याकडे नुसतं मशीन म्हणतात. गावातल्या एकाचं होतं, ते ट्रॅक्टरला जोडून वावरोवावरी फिरायचं आणि बाबा त्याच्या तोंडाशी उभे राहून गंजीतलं सोयाबीन आत लोटायचे. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असायचा, तरी घरी आल्यावर खोकून खोकून काळं पडायचं. हंगाम संपला तरी खोकला राहायचा. तो खोकला आणि आमच्या सणांचे दिवस एकाच वेळी येत, म्हणून माझ्या आठवणीत दिवाळीला फटाक्यांच्या आवाजाआधी तो आवाज आहे.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढं मी जे लिहायला लागले त्याच्याशी याचा संबंध आहे, आणि जे लोक मला विषय द्यायला बसले होते त्यांनी सरवा हा शब्दसुद्धा ऐकला नव्हता, म्हणून सांगते.

मी मंगरूळपीरला कॉलेज केलं. एस.टी.नं जाऊन-येऊन बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजच्या फाटकातून आत गेलेलं कुणी नव्हतं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. निकालाच्या दिवशी शेजारच्या काकूनं विचारलं, "झाली का मंग मास्तरीन?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मंग एवढं शिकून का करशीन?" तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण गावात शिकलेल्या पोरीला दोनच खुर्च्या माहीत, एक मास्तरणीची आणि एक तलाठ्याची. तिसरी मला मिळाली तेव्हा ती काय आहे हे सांगता सांगता माझी दमछाक झाली.

पुण्याच्या एका एजन्सीला मराठीत लिहिणारी माणसं हवी होती. त्यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्लॉगचं काम होतं. ब्लॉग म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवर येणारे लेख. माणूस फोनवर काही शोधायला येतो, त्याला लेख सापडतो, लेखावर विश्वास बसला की मालावर बसतो, असा त्यामागचा हिशेब. माझ्या वाट्याला जी कंपनी आली ती मळणीयंत्रं बनवणारी होती. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले.

"म्हंजे म्या मशीनीत टाकाचं अन् तू मशीनीवर लिवाचं?"

"हो."

"चांगलं हाये बाई. तुह्या कामात धूळ तं नाई."

धूळ नव्हती, पण दुसरं होतं. महिन्याच्या सुरुवातीला पुण्याहून विषयांचा तक्ता यायचा. पहिल्या महिन्यात 'मळणीयंत्राचे पाच फायदे'. दुसऱ्या महिन्यात 'मळणीयंत्र का घ्यावे? सात कारणे'. तिसऱ्या महिन्यात 'आधुनिक शेतकऱ्याची पहिली पसंती: मळणीयंत्र'. पाचाचे सात झाले, सातांचे दहा झाले, फायदे तेच. वेळ वाचतो, मजुरी वाचते, धान्य स्वच्छ निघतं. मजुरी वाचते हे वाक्य मी किती लेखांत लिहिलं असेल. जी वाचते ती माझ्या माय-बाबांसारख्यांची असते, हे तक्ता करणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

विषय येतात कुठून, हे मी एकदा शोधून पाहिलं. फार शोधावं लागलं नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या ब्लॉगवर तेच विषय त्याच ओळीनं होते, फक्त दोन महिने आधीचे. त्या कंपनीनं ते तिसरीकडून उचलले असणार. एकानं दुसऱ्याचं बघायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, आणि ज्यानं वाचायचं त्याच्याकडे कुणीच बघायचं नाही. उरलेल्या जागा सणांनी भरायच्या. संक्रांतीला गोड बोला आणि मशीन घ्या. पंधरा ऑगस्टला झेंडा आणि मशीन. याला ते नियोजन म्हणत.

नियोजन बघणारे एक सर होते. तरुण होते, बोलायला गोड होते, मराठीत बोलताना अर्धं इंग्रजी असायचं. मी त्यांना फोन करून म्हणाले की पाच फायदे ज्याच्याकडे मशीन आहे त्याला माहीत आहेत आणि ज्याच्याकडे नाही त्याला ते शेजाऱ्याच्या वावरात दिसतात, तेव्हा हा लेख नेमका कोण वाचणार. मला काही विषय सुचतात, ते पाठवू का. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले,

"तुमची भाषा छान आहे. लोकल फ्लेवर आहे, तो आम्हाला हवाच आहे. पण प्लॅनिंग वेगळं स्किल आहे. विषय आम्ही देऊ, तुम्ही लिहा."

फोन ठेवल्यावर माझे कान तापले होते. हात माझे, डोकं त्यांचं, असा तो हिशेब होता. बाबांना मशीनच्या तोंडाशी उभं करणाऱ्या माणसानं कधी त्यांना विचारलं नव्हतं की कोणतं वावर आधी घ्यायचं. मी पदवी घेऊन तिथंच येऊन उभी होते. फक्त दुपट्ट्याऐवजी कानात हेडफोन होता.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. पगार वाढवून नको होता, कौतुक नको होतं. विषय ठरवायचा हक्क हवा होता.

पेरणी होऊन पंधरवडा झाला होता. बाबांच्या मालकाला मशीनचा पट्टा हवा होता आणि मी बाजाराच्या दिवशी मंगरूळला जाणारच होते, म्हणून तो आणायचं माझ्याकडे आलं. दर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्याला एक चाचा आहेत, ते मशीनचे सुटे भाग विकतात. पट्टे, बेअरिंग, चाळण्या. हंगाम नसतानाही त्यांच्या बाकावर चार माणसं बसलेली असतात. मी माझी पाळी यायची वाट बघत होते, तेवढ्यात किन्हीराजाकडचा एक शेतकरी रागानंच आत आला. त्याला काही घ्यायचं नव्हतं.

"चाचा, त्या मशीनीनं माह्यं बियानं खाल्लं. घरचं सोयाबीन पेरलं तं अर्धं वावर टकलं दिसून राह्यलं."

चाचांनी मान वर केली नाही. "मशीन म्या पैदा केली का बापू? पट्टा पाह्यजे असन तं बोल. शिव्या द्याच्या असन तं बाकावर बस. तिथं सगळे त्याच कामाले आलेत."

बाक हसला. पण बाकावरच्या मानोऱ्याच्या माणसाचं तेच दुखणं होतं, त्याच्या शेजारच्याचंही. पाऊस बरा होता, बियाणं घरचं होतं, दाणा दिसायला टपोरा होता, आणि उगवलं नाही. कुणी म्हणे खत जास्त झालं, कुणी म्हणे सरी खोल पडली. माझ्या डोक्यात मात्र मायची काठी होती. माय बडवायची ते सोयाबीन गावातल्या बाया बियाण्याला मागून न्यायच्या, कारण ते उगवायचं. सोयाबीनचं साल पातळ असतं, जोरात आपटलं की दाणा आतून तडकतो आणि वरून काही दिसत नाही. मशीनवाल्याला मिळतं पोत्यामागे. तो जेवढं जोरात फिरवेल तेवढी पोती जास्त. मग ड्रम हळू कोण फिरवेल?

मी चाचांना विचारलं, लोक तुम्हाला रोज काय विचारतात. ते म्हणाले, "बेटा, इथं पट्टे कमी अन् सवाल जास्त येतात. अन् सवालाचे पैसे कोनी देत नाई."

मी म्हणाले, "मला मिळतात. मी बसू का इथं?"

त्यांना ती थट्टा वाटली. पण मी बसले, आणि पुढच्या बाजारांनाही बसत राहिले. पहिल्या दिवशी लोक मला बघून बोलायचे थांबले, दुसऱ्या बाजारी विसरले. ओल्या सोयाबीननं चाळणी का बुजते. हरभऱ्याला तीच चाळणी चालते का. कुटारात दाणे का जातात. तुरीला काय बदलायचं. एकानं विचारलं की मशीनमध्ये हात गेला तर कंपनी काही देते का. असे विषय माझ्या तक्त्यात कधी आले नव्हते, आणि इथं ते पायलीनं पडले होते.

त्याच दुकानाच्या दारात ताडपत्रीवर वजन म्हणून मोठ्या लोखंडी पुल्या ठेवलेल्या असायच्या. पुली म्हणजे पट्टा ज्या चाकावर चढतो ते चाक. एका दिवशी वारा सुटला तेव्हा चाचांनी मला एक सरकवून ठेवायला सांगितली. जड होती, नवी कोरी होती, रंगही गेला नव्हता. तिच्यावर मी ज्या कंपनीसाठी लिहीत होते तिचंच नाव होतं.

"हे कुठून आलं?"

"नव्या मशीनीसंग येते. लोकं म्हनतात, जास्तीची हाये, मोडीत घे. म्या घेतो. मले का, ताडपत्री उडत नाई."

मी तिथंच बसून कंपनीचं माहितीपुस्तक फोनवर उघडलं. ते इंग्रजीत होतं आणि मागच्या पानांत कुठंतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं की बियाण्यासाठी मळणी करताना ड्रमवरची लहान पुली काढून ही मोठी लावावी, म्हणजे ड्रमची गती कमी होते आणि दाणा तडकत नाही. कंपनी ज्या दुखण्याचं औषध मशीनसोबत देत होती ते आमची माणसं मोडीत विकत होती, का तर ते कुणी त्यांच्या भाषेत सांगितलं नव्हतं. आणि सांगायचं काम ज्याचं, तो ब्लॉग पाच फायदे मोजत होता. मला त्या शेतकऱ्यांचाही राग आला, की मशीनसोबत आलेली वस्तू कशाला आहे हे न विचारता विकता कशी. पण त्यांच्यापेक्षा जास्त राग पाच फायदे मोजायला लावणाऱ्यांचा आला.

त्या आठवड्यात मी पुण्याला विषय पाठवले. पहिलाच होता, घरचं सोयाबीन उगवलं नाही तर दोष कुणाचा. खाली पुलीचं सगळं लिहिलं, कापणीला अजून वेळ आहे, त्याआधी हा लेख जायला हवा असंही लिहिलं. सरांचा फोन आला.

"हे निगेटिव्ह आहे. आपल्या मशीननं बियाणं खराब होतं असं आपणच कसं लिहायचं?"

मी म्हणाले की खराब होतं हे बाजारात सगळे बोलतातच, न होण्याचा उपाय आपल्याकडे आहे हे कुणी बोलत नाही.

"फार टेक्निकल आहे. पोळा येतोय, त्यावर काहीतरी इमोशनल द्या."

मी दिलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात, हळद आणि लोणी लावून शेकतात, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण त्यांच्या कानात सांगतात, ते सगळं लिहिलं. वर्षातून एक दिवस राबणाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा, एवढंच त्यात होतं. मशीनचं नाव शेवटी एकदा आलं, तेही हळूच. लेख चांगला होता, आजही म्हणते.

पोळ्याच्या सकाळी तो लेख कंपनीच्या पानावर आला. मजकूर माझा होता. वर मथळा होता, 'या पोळ्याला बैलांना द्या कायमची सुट्टी'. शेजारी चकचकीत मशीनचा फोटो. खाली माझं नाव आणि त्याच्यापुढं माझ्या गावाचं नाव, लोकल फ्लेवर म्हणून.

आमच्याकडे कायमची सुट्टी म्हणजे कसाई. हे सांगायला पदवी लागत नाही, पोळा एकदा बघितलेला असावा लागतो.

दुपारपर्यंत तो गावातल्या सगळ्या फोनवर फिरला. संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले. बाया तिथं जात नाहीत, आरतीचं ताट घेऊन आपापल्या ओट्यावर थांबतात. पण भोंगा असतो, सगळं ऐकू येतं. पोळ्यात झडत्या म्हणतात. कुणीतरी दोन ओळींत कुणाची तरी खोडी काढतो आणि सगळे मिळून हर हर महादेव करतात. सरपंचावर म्हणतात, सावकारावर म्हणतात, रुसायचं नसतं. त्या दिवशी एकानं भोंग्यावर म्हटलं,

"शिकली पोर, लिवते फोनवर,
बैलाले देते सुट्टी, बाप मशीनवर!"

अख्ख्या गावानं हर हर महादेव केलं. माझ्या हातात ताट होतं. शेजारच्या काकूनं माझ्याकडे बघितलं आणि मग न बघितल्यासारखं केलं. मला झडती म्हणणाऱ्याचा राग आला नाही. ओळी चांगल्या जुळल्या होत्या. पण बाबा तिथं तोरणाखाली उभे होते. आमच्याकडे बैल नव्हते, दरवर्षी ते मशीनमालकाच्या बैलाचा कासरा धरून उभे राहायचे, आणि तेवढी एक संध्याकाळ त्यांना मानाची वाटायची.

ते घरी आले, पाय धुतले, जेवायला बसले. माय काही बोलणार होती, त्यांनी हातानं थांबवलं. नंतर मला म्हणाले,

"ते वरचं तूच लिवलं का?"

"नाही. ते पुण्याचं."

"मंग खाली नाव कायले देतं? ज्याचं डोकं त्याचं नाव." मग म्हणाले, "लिवाचं असन तं पुरं आपलं लिव. नाईतर सोड. म्या सांगून देईन लोकाइले, पोरगी घरी हाये म्हनून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा संदेश आला. कंपनीच्या मालकांकडे विक्रेत्यांच्या तक्रारी गेल्या होत्या. मालकांना लेख कुणी लिहिला ते हवं होतं. दुपारी मीटिंग होती आणि मी त्यात यायचं होतं. पहिल्यांदाच. मला काय बोलायचं तेही त्यांनी लिहून दिलं होतं. मथळा माझ्याकडून अनवधानानं गेला, पुन्हा असं होणार नाही, एवढं म्हणायचं. बाकी ते सांभाळून घेणार होते. विषय त्यांचे, मथळा त्यांचा, आणि माफी तेवढी माझी. मी तो संदेश मायला वाचून दाखवला. माय म्हणाली, "मालकीनबाई तुरीचं म्हने ना, तसंच हाये हे."

गावात नेटवर्क धड नव्हतं म्हणून मी मंगरूळला चाचांच्या दुकानात जाऊन बसले. चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी गल्ल्यामागची स्वतःची खुर्ची मला दिली आणि बाकावरच्यांना गप्प बसायला सांगितलं.

मीटिंग सुरू झाली. सरांनी प्रस्तावना केली, लेखिका नवीन आहेत, ग्रामीण भागातल्या आहेत, वगैरे. मग म्हणाले, "त्यांना स्वतः काही बोलायचं आहे."

मी म्हणाले की बोलायचं आहे खरं. मथळा माझा नाही. मी पाठवलेला लेख मालकांना आत्ता पाठवते, त्यांनी दोन्ही वाचावेत. माझ्या गावाचं नाव विचारल्याशिवाय वापरलं, त्याची माफी मी मागणार नाही, ती मला हवी आहे. आणि खरा घाटा या मथळ्यानं होत नाहीये, तो दुसरीकडं होतोय. तुमच्या प्रत्येक नव्या मशीनसोबत जी मोठी पुली येते ती इथं भंगारात विकली जाते, बियाणं फुटतं, आणि दोष तुमच्या मशीनवर येतो.

सर मध्येच म्हणाले, "हा आजचा विषय नाही."

"आजचा विषय मीच ठरवते," मी म्हणाले. आवाज चढला होता, मला माहीत आहे.

मालक आतापर्यंत बोलले नव्हते. वयस्क माणूस होता, आवाज करडा. म्हणाले, "पुली भंगारात? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी फोन फिरवला. दार दाखवलं, ताडपत्री दाखवली, तिच्यावरच्या पुल्या आणि पुल्यांवरचं कंपनीचं नाव. मग चाचांकडे धरला. चाचांनी टोपी नीट केली.

"सलाम साहेब. तुमचा माल एक नंबर हाये. मोडीत वजन चांगलं भरते."

बाकावर हशा फुटला. मालक हसले नाहीत. पुली पुन्हा दाखवायला सांगितली. मग विचारलं, "ताई, हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं?"

"विषय पाठवले होते. टेक्निकल आहे म्हणून परत आले."

त्यानंतर सर बोलले ते मला आठवत नाही. फार काही नव्हतं.

मालकांच्या सांगण्यावरून पुलीवरचा लेख कापणीच्या तोंडावर गेला. मथळा मी दिला, 'नव्या मशीनसोबतची मोठी पुली विकू नका'. त्यात एकही फायदा मोजला नव्हता. पुली कोणती, कुठं लावायची, गती कमी केल्यावर पोती कमी निघतील तर मशीनवाल्याशी आधीच कसं बोलून घ्यायचं, एवढंच. पुढच्या बाजारी चाचा मला बघून म्हणाले, "बेटा, तुह्या लेखानं माही ताडपत्री उडाली. सगळे आपापली पुली वापस मांगून राह्यले. म्या आता भाव वाढवला." बाकावर किन्हीराजाचे ते गृहस्थही होते. त्यांना लेख कुणी लिहिला हे ठाऊक नव्हतं. ते मलाच तो समजावून सांगू लागले, आणि मी ऐकून घेतला.

एवढ्यावर मिटायला हवं होतं, पण नाही मिटलं. पुढच्या महिन्याचा तक्ता आला तेव्हा त्यात चाळणीचा विषय होता, हरभऱ्याचा होता, कुटाराचा होता. माझेच, माझ्याच शब्दांत. विषय कुणी सुचवला त्या रकान्यात सरांचं नाव होतं आणि लेखिका म्हणून माझं. चोर पकडला गेल्यावर निदान वस्तू तरी परत ठेवतो. मी एजन्सीला एका ओळीत कळवलं की मी काम सोडते आहे, आणि मालकांना कळवलं की सोडते आहे आणि का सोडते आहे. त्यांच्याकडे काही मागितलं नाही. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "बरं केलं." दोन-तीन आठवडे मी रिकामी होते. काकूनं विचारलंच, "सुटलं का मंग ते फोनवरचं?"

मग मालकांचा स्वतःचा फोन आला. त्यांनी एजन्सीचं मराठी काम बंद केलं होतं. लिहायला माणूस मिळेल, म्हणाले, काय लिहायचं ते कळणारं माणूस हवं आहे. मी माझ्या अटी सांगितल्या. विषय मी ठरवणार. बाजाराच्या दिवशी मी दुकानात बसणार, ते कामाच्या वेळेत धरायचं. सणाला मशीन विकायचं नाही. हात गेला तर काय, हा लेख पहिल्या तीन महिन्यांत जाणार, आणि त्यात कंपनी काय देते ते खरं लिहिणार. शेवटच्या अटीवर ते अडले. मी थांबले. दोन दिवसांनी हो म्हणाले.

मला अजून राग येतो. त्या सरांचं काही वाईट झालं नाही, ते दुसऱ्या कुणासाठी दहा कारणं शोधत असतील. राग उपयोगाला येतो हे मात्र मला कळलं आहे, म्हणून मी तो सोडत नाही.

त्या कंपनीच्या मराठी ब्लॉगचं काम आता माझ्याकडे आहे, नेमणुकीच्या पत्रासह. यंदाच्या वर्षाचे सगळे विषय मी ठरवले. त्यातला एकही पुण्याहून आला नाही.